साध्या छायाचित्रात गुप्त चित्र कसे दडवावे आणि विश्वासाच्या माणसांत ते कसे वाटून द्यावे

जळगावच्या सराफ बाजारात आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गर्दी सुरू होण्याच्या बऱ्याच आधी नव्या दागिन्यांची रेखाटने पेढीवरून कारागिरांकडे गेलेली असतात आणि आजकाल ती मोबाइलवरूनच जातात. असे एखादे रेखाटन वाटेत तिसऱ्याच्या हाती लागले, तर मूळ हार घडण्याआधीच त्याची नक्कल दुसऱ्या पेढीच्या काचेमागे दिसू शकते. भावाभावांतल्या वाटणीचा हाताने काढलेला नकाशा, घरातल्या वडीलधाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या मृत्युपत्राचे छायाचित्र, पेटंटसाठी अजून अर्ज न केलेल्या ठिबकच्या जोडणीचे रेखाटन ही चित्रेही याच प्रकारची आहेत. ती ज्याला दाखवायची त्यालाच दिसावीत एवढीच आपली अपेक्षा असते. ती पूर्ण करणारी साधने मोफत मिळतात, फक्त ती योग्य क्रमाने वापरावी लागतात.

व्हॉट्सॲपवरचे संदेश २०१६ पासून वाटेत कूटबद्धच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, असतात, मग आणखी काही दडवण्याची गरज काय, असे कोणी विचारेल. वाटेतला धोका त्याने टळतो हे खरे आहे, पण दोन्ही टोकांचा टळत नाही. पेढीवरचा फोन गल्ल्याशेजारी पडलेला असतो आणि तो चार जण हाताळतात. कारागिराच्या गॅलरीत ते चित्र उघडेच राहते. गॅलरीची प्रत आपोआप क्लाउडवर जाते. ज्या चित्राकडे पाहून कोणाला काही संशयच येणार नाही, असे चित्र या ठिकाणी उपयोगी पडते.

येथे दोन पद्धती सांगितल्या आहेत. पहिलीत एका साध्या छायाचित्राच्या आकड्यांत दुसरे चित्र दडवले जाते; तिला स्टेगॅनोग्राफी म्हणतात. दुसरीत एकच गुप्त चित्र अनेक हिश्श्यांत असे विभागले जाते की एकट्या हिश्श्यातून काहीही कळत नाही आणि ठरलेले हिस्से एकत्र आले तरच चित्र उमटते. काम एका माणसाशी असेल तर पहिली पुरते, तीन-चार जणांचा हक्क असेल तर दुसरी लागते, आणि गरज पडल्यास दोन्ही एकत्र वापरता येतात.

दडवण्याआधी कूटबद्ध करणे

दडवलेली गोष्ट सुरक्षित असतेच असे नाही, हे सर्वांत आधी लक्षात घ्यावे. भिंतीत पुरलेल्या हंड्याला झाकण नसेल, तर भिंत फोडणाऱ्याला सगळे आयतेच मिळते. ऑगस्ट केर्कहोफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी सांकेतिक लेखनाविषयी लिहिताना असे बजावले होते की पद्धत शत्रूला पूर्ण ठाऊक झाली तरी व्यवस्था टिकली पाहिजे, गुप्त असावी ती केवळ किल्ली. छायाचित्रात चित्र दडवण्याची पद्धत आज कोणत्याही महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ठाऊक असते, म्हणून तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नये. आधी चित्र कूटबद्ध करावे आणि मग ती कूटबद्ध फाइल दडवावी.

यासाठी ७-झिप हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. रेखाटनाच्या फाइलवर उजवे बटण दाबून ती आर्काइव्हमध्ये घालण्याचा पर्याय निवडावा, प्रकार ७झेड ठेवावा, पासवर्ड द्यावा आणि फाइलींची नावेही कूटबद्ध करण्याच्या चौकटीत खूण करावी. प्रकार झिप ठेवला आणि पुढची निवड बदलली नाही, तर झिपक्रिप्टो ही जुनी व कमकुवत पद्धत वापरली जाण्याचा धोका असतो. ७झेड मात्र एईएस-२५६ ही मजबूत पद्धत वापरतो. नावे कूटबद्ध करण्याची चौकट बहुतेक लोक सोडून देतात, आणि मग आतले चित्र दिसले नाही तरी 'कुंदन हार नवीन' हे फाइलचे नाव कोणालाही वाचता येते.

पासवर्डविषयी थोडे थांबून विचार करावा, कारण बाकी सगळे बरोबर करूनही माणसे येथेच उघडी पडतात. दुकानाचे नाव आणि वर्ष, मुलीचे नाव, गाडीचा क्रमांक हे पासवर्ड काही सेकंदांत सापडतात. स्टेगसीक नावाचे साधन जुन्या स्टेगहाइड प्रोग्रॅमने दडवलेल्या फाइलींवर फुटलेल्या पासवर्डांची सुमारे १.४ कोटी शब्दांची यादी दोन-चार सेकंदांत चालवून पाहते. त्यामुळे एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्यावेत आणि ते मनाने न निवडता फाशांनी किंवा चिठ्ठ्या टाकून निवडावेत. हे शब्द मराठी असले तरी चालतील, पण ते रोमन लिपीत टंकावेत. देवनागरी पासवर्ड मनाला जवळचा वाटतो, परंतु 'तऱ्हा' या शब्दातला 'ऱ' एका कीबोर्डवर एकच अक्षर म्हणून साठवला जातो, तर दुसऱ्यावर 'र' आणि नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे वाटतात, आणि कारागीर अचूक टंकत असूनही फाइल उघडत नाही.

पासवर्ड ज्या मार्गाने फाइल जाते त्याच मार्गाने कधीही पाठवू नये. समक्ष सांगता आला तर सर्वांत उत्तम. नाहीतर फोन करून सांगावा आणि समोरच्याकडून एकदा म्हणवून घ्यावा.

वाहक छायाचित्र निवडणे

ज्याच्या आत गुप्त फाइल बसवायची त्या छायाचित्राला वाहक म्हणू. चांगले वाहक म्हणजे ज्यात रंग क्षणोक्षणी बदलतात असे छायाचित्र. यावल-रावेरकडच्या केळीच्या बागेतले छायाचित्र या कामाला फार चांगले: वाऱ्याने चिरलेली पाने, त्यांच्या कडांवरचा करडा-तपकिरी रंग, पानाआडून गळणारा उजेड, खाली पाचोळा. अशा चित्रात शेजारशेजारचे दोन ठिपकेही सारखे नसतात, त्यामुळे आपण केलेले लहानसे बदल त्या मूळ गोंधळात विरून जातात. याउलट मे महिन्यातल्या दुपारी तापीच्या पुलावरून काढलेल्या छायाचित्रात अर्धे आकाश पांढरेफटक असते. त्या भागातले आकडे २५५ या कमाल मूल्यावर अडकलेले असतात आणि तिथे एखादा २५४ उगवला तरी तपासणाऱ्याला तो ताबडतोब दिसतो. चुन्याची भिंत, शुभेच्छापत्र, दुकानाचा लोगो, संगणकावर तयार केलेले बॅनर हीसुद्धा याच कारणाने वाईट वाहक चित्रे आहेत.

वाहक छायाचित्र स्वतः काढलेले असावे. इंटरनेटवरून उतरवलेले किंवा समाजमाध्यमांवर आधीच टाकलेले चित्र घेतले, तर मूळ प्रत दुसऱ्या कोणाकडेही असू शकते, आणि दोन प्रती शेजारी ठेवून वजाबाकी केली की प्रत्येक बदललेला ठिपका उघडा पडतो. एक वाहक एकदाच वापरावे. त्यावर दुसरी फाइल दडवून पुन्हा पाठवले, तरीही हीच तुलना शक्य होते.

आणखी एक तपशील येथे सांगणे भाग आहे. मोबाइलचा कॅमेरा साधारणपणे जेपेग प्रकारात चित्र साठवतो. जेपेग चित्राचे ८×८ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि डोळ्याला न जाणवणारा तपशील टाकून देतो. असे चित्र थेट पीएनजीमध्ये, म्हणजे तपशील न गमावता चित्र साठवणाऱ्या प्रकारात, बदलून त्यात फाइल दडवली, तर त्या चौकोनांची घडण अजून शिल्लक असते आणि आपले बदल तिच्याशी जुळत नाहीत, ही विसंगती तपासणाऱ्याला मोजता येते. म्हणून जिंप किंवा चित्रे सुधारण्याच्या तत्सम प्रोग्रॅममध्ये छायाचित्राची लांबी-रुंदी आधी निम्मी करावी, म्हणजे चौकोनांचा माग बराचसा पुसला जातो, आणि मगच ते पीएनजी म्हणून साठवावे. त्याच वेळी एक्झिफ माहिती, म्हणजे कॅमेऱ्याने चित्रासोबत नोंदवलेले तपशील, साठवण्याचा पर्याय बंद करावा, नाहीतर बाग कोणत्या शिवारात आहे याचे अक्षांश-रेखांश चित्राबरोबर जातील.

आत नेमके काय घडते

रंगीत चित्राचा प्रत्येक ठिपका तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी लिहिलेला असतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्यामध्ये असतो. समजा, केळीच्या पानावरच्या एका ठिपक्याचा हिरवा आकडा १८२ आहे. द्विमान पद्धतीत तो १०११०११० असा लिहिला जातो. शेवटचा ० बदलून १ केला तर आकडा १८३ होतो. पानाच्या हिरवेपणातला हा फरक कोणत्याही माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. गुप्त फाइलचा एकेक बिट, म्हणजे एकेक ० किंवा १, असा एकेका आकड्याच्या शेवटच्या जागी बसवत जाणे, ही या पद्धतीची गाभ्याची कृती. गुप्त फाइलचा एक बाइट म्हणजे आठ बिट. ते बसवायला आठ आकडे, म्हणजे जेमतेम तीन ठिपके लागतात. बसवायचा बिट आणि तिथला मूळ बिट निम्म्या वेळा आधीच सारखा असतो, म्हणून प्रत्यक्षात सुमारे अर्धेच आकडे बदलतात.

यावरून वाहकात किती मावेल याचा हिशेब करता येतो. ४००० × ३००० ठिपक्यांचे छायाचित्र निम्मे केल्यावर २००० × १५०० उरते, म्हणजे ३० लाख ठिपके, ९० लाख आकडे आणि तितकेच बिट. आठने भागले की ११,२५,००० बाइट, म्हणजे साधारण १.१ एमबी एवढी जागा मिळते. पण मिळते तेवढी सगळी भरू नये. या जागेचा दहावा हिस्सा, म्हणजे सुमारे १०० केबी, ही मी वरची मर्यादा मानतो, आणि त्याहूनही कमी भरले तर अधिक चांगले. हाराचे काळ्या शाईतले रेखाटन करड्या रंगात स्कॅन करून आकार थोडा उतरवला की तेवढ्यात बसते. बसत नसेल तर मोठे वाहक घ्यावे किंवा रेखाटनाचे दोन भाग करून दोन वेगळ्या छायाचित्रांत घालावेत.

जास्त भरण्यात धोका कोणता, हे समजून घेण्यासारखे आहे. १८२ आणि १८३ ही एक जोडी, १८४ आणि १८५ ही दुसरी. शेवटचा बिट बदलल्याने १८२ चा १८३ होतो आणि १८३ चा १८२. जोडीबाहेर कोणी जात नाही. नैसर्गिक छायाचित्रात या दोघांची संख्या सहसा वेगवेगळी असते, पण कूटबद्ध फाइलचे शून्य आणि एक जवळपास समसमान असल्यामुळे सगळे चित्र भरले की प्रत्येक जोडीतले दोघेही सारख्या संख्येने दिसू लागतात. आंद्रेआस वेस्टफेल्ड आणि आंद्रेआस फिट्झमान यांनी १९९९ मध्ये नेमकी हीच समानता संख्याशास्त्राने मोजून दडवलेली फाइल ओळखण्याची कसोटी मांडली. भरणा कमी असेल आणि तो चित्रभर यादृच्छिक क्रमाने पसरलेला असेल, तर ही कसोटी दुबळी पडते. मात्र त्यानंतर आलेल्या अधिक बारीक कसोट्या कमी भरणाही पकडू शकतात. पेढी, कुटुंब आणि शेजारपाजार यांच्यापासून चित्र राखायला ही पद्धत पुरेशी आहे. साधने आणि वेळ हाताशी असलेल्या तज्ज्ञापासून चित्राचे अस्तित्व लपेल असे मात्र समजू नये, आणि आधी कूटबद्ध करण्यावर एवढा भर दिला तो याच कारणाने.

प्रत्यक्ष कृती

ओपनस्टेगो हा मोफत आणि मुक्त प्रोग्रॅम संगणकावर घ्यावा. तो जावावर चालतो. उघडल्यावर डेटा दडवण्याच्या पानावर पहिल्या चौकटीत आपली ७झेड फाइल द्यावी, दुसरीत वाहक छायाचित्र, आणि तिसरीत तयार होणाऱ्या चित्राचे नाव पीएनजी विस्तारासह लिहावे. नाव साधे ठेवावे. खाली पासवर्डची जागा असते. ती रिकामी सोडू नये आणि तिथे ७-झिपपेक्षा वेगळा पासवर्ड द्यावा. ७झेड फाइलच्या सुरुवातीला नेहमी ठरावीक खुणेचे बाइट असतात. दुसऱ्या कूटबद्धतेमुळे ती खूणही झाकली जाते. दडवण्याचे बटण दाबले की नवे छायाचित्र तयार होते.

ते पाठवण्याआधी आपल्याच संगणकावर काढण्याच्या पानावरून परत उघडून पाहावे. ७झेड बाहेर आली, तिच्यातून रेखाटन उघडले आणि ते स्पष्ट वाचता आले, की मगच पुढे जावे.

ज्याला पाठवायचे त्याच्याकडेही संगणक लागतो, ही या पद्धतीची अडचण आहे. मोबाइलवर हेच काम करण्याचा दावा करणारी बरीच ॲप मिळतात, पण त्यांतली अनेक आत कोणती पद्धत वापरतात ते सांगत नाहीत आणि काही चित्र त्यांच्या सर्व्हरवर पाठवूनच काम करतात. ज्याच्यापासून लपवायचे ते चित्र अनोळखी सर्व्हरला आधी दाखवण्यात अर्थ नाही. चित्र दडवून देणारी संकेतस्थळेही याच कारणाने टाळावीत.

पाठवताना

व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठवले की ते पुन्हा जेपेगमध्ये दाबले जाते, प्रत्येक आकड्याचा शेवटचा बिट विस्कटतो आणि आतली फाइल कायमची नष्ट होते. एचडी हा पर्याय निवडला तरी हेच होते. हेच चित्र डॉक्युमेंट म्हणून जोडले तर ते जसेच्या तसे पोहोचते. ईमेलला जोडलेली फाइल आणि क्लाउड ड्राइव्हवर ठेवलेली फाइलही अबाधित राहते. समोरच्यानेही ती पुढे पाठवताना किंवा गॅलरीत उघडून कापताना, फिरवताना हेच भान ठेवले पाहिजे. एकदा फिरवून साठवलेल्या चित्रातून सहसा काहीही परत मिळत नाही.

पोहोचलेली फाइल तीच आहे ना, याची खात्री डोळ्यांनी होत नाही. ७-झिपच्या उजव्या बटणाच्या यादीत एसएचए-२५६, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, काढण्याची सोय असते. दोन्ही संगणकांवर तो आकडा काढावा आणि फोनवर पहिली व शेवटची आठ-आठ चिन्हे वाचून जुळवावीत. यास दोन मिनिटे लागतात आणि 'फाइल उघडत नाही' या तक्रारीचे मूळ पासवर्डमध्ये आहे की प्रवासात, हे लगेच कळते.

केळीच्या बागेचे एकच पाच-सहा एमबीचे पीएनजी, तेही डॉक्युमेंट म्हणून, अचानक एखाद्या सोनाराकडे जाणे हे स्वतःच थोडे विचित्र दिसते. ज्यांच्यात बागांचे, लग्नांचे, सहलींचे फोटो मूळ प्रतीत पाठवण्याची रीत आधीपासून आहे, त्यांना ही अडचण येत नाही; ज्यांच्यात नाही, त्यांनी ती रीत काही आठवडे आधी पाडावी.

एकच चित्र अनेकांत वाटणे

आता दुसरी पद्धत. एका घरातली तीन भावंडे जळगाव, धुळे आणि नंदुरबार अशी विखुरलेली आहेत आणि आईने लिहून ठेवलेला कागद कोणी एकट्याने पाहू नये अशी तिची इच्छा आहे, असे समजा. पासवर्ड एकाकडे दिला की तो एकटाच मालक होतो. कागदाचे तुकडे करून वाटले तर प्रत्येकाला थोडे थोडे वाचता येते. हवे ते वेगळेच: एकट्याला शून्य आणि एकत्र आल्यावर पूर्ण.

मोनी नाओर आणि आदी शमीर यांनी १९९४ मध्ये याचा असा उपाय मांडला की उलगडण्यासाठी संगणकाचीही गरज पडत नाही. तो हाताने करून पाहावा; एकदा केला की पुन्हा समजावून घ्यावा लागत नाही. आलेख कागदावर २० × २० घरांचा चौकोन आखावा आणि त्यात जाड रेघेने एखादे अक्षर किंवा दोन आकडे काळ्या घरांनी भरावेत. हे गुप्त चित्र. त्याच मापाचे दोन पारदर्शक कागद घ्यावेत आणि त्यांवरही तीच घरे आखावीत. आता प्रत्येक घरासाठी नाणे उडवावे. छापा आला तर पहिल्या कागदावर त्या घराचा डावा अर्धा भाग काळा करावा, काटा आला तर उजवा. मग गुप्त चित्रातले ते घर पाहावे. ते पांढरे असेल तर दुसऱ्या कागदावर तोच अर्धा भाग काळा करावा, आणि काळे असेल तर विरुद्ध अर्धा भाग. चारशे घरे झाल्यावर दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरावेत: पांढऱ्या घरांच्या जागी अर्धे काळे, म्हणजे करडे दिसते, काळ्या घरांच्या जागी पूर्ण काळे, आणि अक्षर स्पष्ट उठून दिसते.

एकटा कागद पाहिला तर त्यावर प्रत्येक घर अर्धे काळे असते आणि डावे की उजवे हे केवळ नाण्याने ठरलेले असते. त्यामुळे कितीही शक्तिशाली संगणक लावला तरी एका कागदातून अक्षराचा मागमूस निघत नाही, कारण तिथे तो मुळात नसतोच. अट एकच, नाणे खरोखर उडवावे. 'आता डावे झाले, आता उजवे' असे मनाने भरत गेले की माणूस नकळत अदलाबदल करत राहतो आणि तो क्रम ओळखू येतो. दुसरी गोष्ट, एकदा वापरलेला पहिला कागद दुसऱ्या गुप्त चित्रासाठी कधीही पुन्हा वापरू नये. तसे केल्यास दोन्ही चित्रांचे दुसरे कागद एकमेकांवर ठेवून त्या चित्रांतला फरक वाचता येतो.

संगणकावर हेच करून पारदर्शक कागदावर छापायचे असेल, तर छपाई मूळ मापातच करावी आणि पानात बसवण्याचा पर्याय बंद ठेवावा. लेझर छपाईच्या उष्णतेने कागदाचे माप किंचित बदलू शकते, म्हणून घराचा अर्धा भाग निदान एक मिलिमीटर ठेवावा आणि चारही कोपऱ्यांत जुळणीच्या खुणा द्याव्यात. आपल्याकडे छापायची फाइल झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲप नंबरवर टाकून द्यायची सवय आहे. दोन्ही हिस्से त्याच नंबरवर गेले की गुपित त्याच्या संगणकावर पूर्ण जमा झाले. घरचा प्रिंटर वापरावा किंवा दोन्ही कागद दोन वेगळ्या ठिकाणी छापून घ्यावेत आणि जुळणी बिघडू नये म्हणून घरे आणखी मोठी ठेवावीत.

तिघांपैकी कोणतेही दोन

कागदांच्या वरील पद्धतीत दोन्ही हिस्से लागतात. एक हरवला की सारे गेले. तिघांपैकी कोणतेही दोघे आले तरी चालावे, अशी सोय आदी शमीर यांनी १९७९ मध्येच दाखवून दिली होती. समजा, गुप्त आकडा १८२ आहे. एक यादृच्छिक आकडा घ्यावा, उदाहरणार्थ ६०. पहिल्याला १८२ मध्ये ६० एकदा मिळवून, दुसऱ्याला दोनदा मिळवून, तिसऱ्याला तीनदा मिळवून आलेली बेरीज द्यावी, मात्र प्रत्येक बेरजेतून २५१ चे पट वजा करून उरेल तेवढीच. हिस्से येतात २४२, ५१ आणि १११. पहिला आणि दुसरा एकत्र आले तर पहिल्याची दुप्पट ४८४, त्यातून ५१ गेले ४३३, त्यातून २५१ गेले १८२. पहिला आणि तिसरा आले तर पहिल्याची तिप्पट ७२६, त्यातून १११ गेले ६१५, त्यातून ५०२ गेले ११३, आणि त्याला दोनने भागायचे. ११३ ला दोनने भाग जात नाही, पण त्यात २५१ मिळवले की ३६४ होतात आणि भाग जाऊन १८२ येतात. कोणत्याही एकट्या हिश्श्यावरून ० ते २५० पैकी प्रत्येक आकडा तितकाच शक्य राहतो.

बाकी ठरलेली असताना नेमका भाग जाणारी संख्या शोधण्याची ही रीत म्हणजे कुट्टकाचाच एक प्रकार आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, त्या भास्कराचार्यांनी कुट्टक तपशीलवार शिकवला आहे. खान्देशातल्या शिक्षकांनी शाळेत ही वाटणी शिकवताना तो धागा जरूर दाखवावा.

२५१ ही २५६ च्या आतली सर्वांत मोठी मूळ संख्या, म्हणून चित्रांसाठी ती सोयीची; पण २५१ ते २५५ हे आकडे तिच्यात बसत नाहीत आणि ते २५० वर आणून ठेवले तर चित्र किंचित बदलते. त्यामुळे संपूर्ण चित्र अशा प्रकारे वाटण्याऐवजी मी पुढील मार्ग सुचवीन. चित्र ७-झिपने कूटबद्ध करावे, ती कूटबद्ध फाइल तिघांनाही सारखीच द्यावी, आणि वाटणी केवळ पासवर्डची करावी. लिनक्सवर एसएसएसएस नावाचा छोटा प्रोग्रॅम हेच करतो: हिस्से किती आणि पुरेसे किती हे सांगितले की पासवर्डचे तेवढे हिस्से छापून देतो. प्रत्येकाने आपला हिस्सा कागदावर लिहून ठेवावा किंवा वर सांगितल्याप्रमाणे स्वतःच्या बागेच्या, अंगणाच्या छायाचित्रात दडवावा. हिस्सा काही अक्षरांचाच असल्यामुळे भरणा नगण्य राहतो आणि पकडला जाण्याची शक्यताही फार कमी होते. हे करताना संगणक इंटरनेटपासून तोडलेला असावा आणि वाटणी झाल्यावर मूळ पासवर्ड कोठेही लिहिलेला राहू नये.

काय दडवू नये

आधार कार्डासाठी हा खटाटोप करण्याची गरज नाही. पहिले आठ अंक झाकलेले मास्क्ड आधार अधिकृत संकेतस्थळावरून मिळते, तेच द्यावे. दुसऱ्या व्यक्तीच्या शरीराच्या खासगी भागांचे छायाचित्र तिच्या संमतीशिवाय काढणे किंवा पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकणारा गुन्हा आहे, आणि ते दडवून पाठवल्याने तो सौम्य होत नाही. त्याच कायद्याच्या कलम ६९ नुसार अधिकृत यंत्रणा विहित कारणांसाठी कूटबद्ध माहिती उलगडून मागू शकते आणि नकार दिल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. अनोळखी माणसाने पाठवलेल्या चित्रातून काही 'काढून पाहा' असे सांगितले तर ते करू नये; चित्रांच्या पोटात घातक प्रोग्रॅमही दडवले जातात.

मागे राहणाऱ्या प्रती

काम संपल्यावर रेखाटनाची मूळ फाइल, ७झेड फाइल आणि वाहकाची न बदललेली प्रत अशा तीन गोष्टी आपल्या संगणकावर उरतात. यांतली वाहकाची मूळ प्रत सर्वांत घातक, कारण तुलना तिच्यामुळेच शक्य होते. ती संगणकातून, मोबाइलच्या गॅलरीतून, गॅलरीच्या कचरापेटीतून आणि क्लाउडवरच्या प्रतींतून, अशा चारही ठिकाणांहून काढावी. एसएसडी डिस्कवर पुसलेली फाइल लगेच नाहीशी होतेच असे नाही, म्हणून हे सारे काम मुळातच व्हेराक्रिप्ट या प्रोग्रॅमने तयार केलेल्या कूटबद्ध विभागात करावे. रेखाटन मोबाइलने टिपले असेल तर स्कॅनिंग ॲपची स्वतःची साठवणही तपासावी. तिच्यात पाने महिनोन्‌महिने पडून राहतात.

दडवलेले चित्र जपून ठेवायचे असेल तर ओपनस्टेगोच्या ज्या आवृत्तीने ते दडवले तिची स्थापना फाइल पेनड्राइव्हवर शेजारीच ठेवावी आणि वर्षातून एकदा पासवर्ड टाकून उघडून पाहावे. भावंडांच्या वाटणीत हीच तपासणी कोणत्याही दोघांनी मिळून करावी, पुढच्या वर्षी दुसऱ्या जोडीने, म्हणजे तिन्ही हिस्से जिवंत आहेत हे कळत राहते आणि एखादा हरवला असेल तर उरलेल्या दोघांना नवे हिस्से पाडून घेता येतात.